ब्रेकमधली हवा

अण्णा,

आज तुमच्या गाडीचे ब्रेक खोलले. तुम्ही गेल्यापासून ती पोर्चमध्ये ताडपत्रीखाली होती. हल्ली शनिवार-रविवार मी तिच्याखाली आडवा असतो. दोनच सीटची ती लाल स्पोर्ट्स कार तुम्ही जुनी घेतलीत आणि दर सुट्टीला तिच्यात काहीतरी नवं बसवलंत. रुंद टायर, मोठा कार्बोरेटर, क्रांती चौकापर्यंत ऐकू जाईल असा सायलेन्सर. ब्रेकची पाळी सगळ्यात शेवटी आली. त्याचा राग आहेच, पण लिहायचं आहे ते वेगळं.

ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी स्क्रू सैल करून हवा सोडायची. पेडलवर पाय कायम आईचा. पिठाच्या हातानं ती येऊन बसे आणि तुम्ही खालून हुकूम सोडत असायचात: दाब, धर, सोड. दसऱ्याच्या दोन दिवस आधी नवे ब्रेक बसवलेत तेव्हाही तीच बसली होती. अंधार पडला तसं तुम्ही काम थांबवलंत. ती म्हणाली, "पायडल खाली जाऊ लागलंय. हवा हाय अजून." दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सगळे पाने-पकडी धुऊन पाटावर मांडलेत, हळदकुंकू वाहिलंत. पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नाही, हा आपल्या घरचा नियम, म्हणून हवा तशीच राहिली. दसऱ्याला गाडी घेऊन दर्शनाला जायचं, हाही नियमच. निघताना आईनं परत सांगितलं. मी तिथंच उभा होतो, कॉलेजात शिकत होतो. तुम्ही म्हणालात, "दोनदा दाबलं की लागतोय ना? बस मग."

खुलताबादहून घाट उतरताना तो दोनदा दाबूनही लागला नाही. गाडी कठड्याला घासत थांबली. तुम्हाला खरचटलं, आईचा डावा गुडघा गेला. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगितलंत, ही ओरडली, हिनं माझा हात धरला, म्हणून स्टिअरिंग सुटलं. ती कॉटवर पडून ऐकत होती. पुढं गाडी तुम्ही नीट केलीत. गुडघा तसाच राहिला. तुम्हाला दोष देण्यात माझीच काही चूक होत असेल का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं. परवा शेवटी तिलाच विचारलं, तू हात धरला होतास का? लसूण सोलता सोलता म्हणाली, "कशानं धरू? दोन्ही हातांत प्रसादाचं ताट होतं."

आज हवा काढायला तीच बसली, ताठ झालेला पाय दाराबाहेर ठेवून. तेवढ्यात औरंगपुऱ्याहून काका आले. तुमचे धाकटे भाऊ, तुमच्यासारखेच हसणारे. म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच चालवा. म्हंजी कुणाचा हात धरायचा सवालच नाय." इतकी वर्षं हाच विनोद. मी गाडीखालून बाहेर आलो. "काका, आईनं हात धरला नव्हता. ब्रेकमध्ये हवा होती. आणि तिनं ते दोनदा सांगितलं होतं."

काका खुर्ची शोधू लागले. आईनं पेडलवरचा पाय हलवला नाही. "भावजी, बसा," म्हणाली, "एवढं झालं की चहा टाकते."

हे कुठं पाठवायचं नाही, पत्ता असता तरी पाठवलं नसतं. पण तुमच्याशिवाय हे कबूल तरी कुणाकडं करू? काकांना ते बोलल्यावर मी आधी आईकडं पाहिलं नाही. घराच्या दाराकडं पाहिलं, तुम्ही ऐकलंत की काय म्हणून.