शाळेच्या फाट्यावरचे शून्य अपघात

३ फेब्रुवारी. सकाळी ७
आजपासून आयुष्याला शिस्त. महामार्गाच्या सुरक्षेचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलंय. आठ किलोमीटर, त्यात शाळेचा फाटा सगळ्यात वाईट. गेल्या वर्षी अकरा अपघात. बायको त्याच शाळेत शिकवते, रोज दोनदा स्कूटरवरून तो फाटा ओलांडते. तिला म्हटलं, महिन्याभरात डोळे मिटून ओलांडशील. हसून म्हणाली, आत्ताही तसंच ओलांडते. तिचं हसणं काही मला आवडलं नाही. तिथे मला खरंच भीती वाटते.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून पायी पाहणी.

४ फेब्रुवारी. सकाळी ९.३०
पायी पाहणी रद्द. पहाटे रहदारी नसते, निष्कर्ष फसवे येतात. शास्त्रीय कारण आहे, आळस नव्हे.

६ फेब्रुवारी
जीपमधून पाहणी. खाली उतरलो नाही, उन्हात डोकं चालत नाही. सीटवरून सगळं स्वच्छ दिसतं. ड्रायव्हरकाका म्हणाले, फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारा, तो दिवसभर तिथेच असतो. त्यांना प्रेमाने समजावलं की इंजिनिअर मी आहे.

११ फेब्रुवारी
आयडिया! भला मोठा फलक. बारा फूट लांब, पाच फूट उंच, जमिनीलगत. 'थांबा, पाहा, मगच वळा.' मजकूर माझा. कंत्राटदार म्हणतो, खांबांवर उंच लावू. उंच लावून वाचणार कोण, कावळे? फलक नजरेसमोर हवा.
बायको म्हणते, आधी एकदा माझ्या मागे स्कूटरवर बसून ये. रविवारी नक्की.

१६ फेब्रुवारी, रविवार
मॅच होती.

२० फेब्रुवारी. दुपारी १
फलक उभा राहिला! जीपमध्ये बसून तपासला. फलकाच्या वरून पलीकडच्या गाड्या आरामात दिसतात. फोटो काढले, तीनात मीही आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार
बायको पुन्हा स्कूटरचं म्हणाली. सर्दी आहे. पुढच्या रविवारी.

२७ फेब्रुवारी
आठवडाभरात अपघात शून्य. साहेबांना फोन केला. म्हणाले, एका आठवड्यावर उड्या मारू नका. जळतात.
पंक्चरवाला दुकान हलवतोय म्हणे, स्कूटरवाले फिरकतच नाहीत. म्हणजे पंक्चरसुद्धा बंद! याचा अहवालात उल्लेख हवा.

२ मार्च, रविवार
स्कूटर राहिली. प्रेझेंटेशन करत होतो. बेचाळीस स्लाइड.

६ मार्च
अजूनही शून्य. अहवाल गेला. साहेब या वेळी चक्क 'वा' म्हणाले. बायको हल्ली वीस मिनिटं उशिरा येते. शाळेत मीटिंगा फार वाढल्यात.

१० मार्च. दुपारी ४
दवाखान्यात बसून लिहितोय. बायकोला टेम्पोचा धक्का लागला. गुडघ्याला सात टाके. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या.
कुठे झालं? गोदामांमागच्या गल्लीत. तिथे काय करत होतीस, असं जरा चढ्याच आवाजात विचारलं. म्हणाली, दोन आठवडे झाले, तिकडूनच जाते. सगळ्या शिक्षिका तिकडूनच जातात, मुलांची व्हॅनसुद्धा. फाट्यावर त्या फलकामागून काय येतंय ते दिसतच नाही. मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, सांगून तुला पटलं नसतं, स्कूटरवर बसवून दाखवणार होते. आणि डोळे मिटून पडून राहिली.

११ मार्च. सकाळी ७
तिची स्कूटर घेऊन एकटाच फाट्यावर गेलो. सीटवर बसून उजवीकडे पाहिलं. फलक. मान ताणली, पुढे वाकलो. फलकच. पलीकडून ट्रक जातायत ते नुसतं ऐकू येत होतं. आठ मिनिटं उभा होतो. ओलांडायची हिंमत झाली नाही. शेवटी मीही गोदामांमागच्या गल्लीतूनच गेलो. कंत्राटदाराला फोन लावला: फलक आजच्या आज काढ. तो म्हणाला, लेखी हुकूम लागेल.

१२ मार्च. सकाळी ११
हुकमासाठी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात हातात घेतला. म्हणाले, अहवाल वरिष्ठांना फार आवडला. अख्ख्या महामार्गावर तसेच चाळीस फलक मंजूर, काम उद्यापासून. मी म्हटलं, साहेब, फलक चुकलाय, सगळी चूक माझी आहे. साहेब हसले, पाठ थोपटली आणि म्हणाले, एवढा विनय बरा नव्हे.