भिंतीवरचा पडदा

शनिवार, संध्याकाळ, बोटीवर

क्रूझ म्हणे! आमच्या बिबवेवाडीच्या खिडकीतून निदान पार्किंग तरी दिसतं. आईचे गुडघे गेलेत, तिला बसून समुद्र बघायचा होता. खोलीत येताच तिनं हौसेनं पडदा सरकवला, तर मागं नुसती भिंत! इतकी घाण चेष्टा मीसुद्धा कधी केली नाही. बुकिंग दादाचं. त्याला न् वहिनीला मात्र वर बाल्कनी. म्हणतो, "आईला काय, झोपायलाच तर लागते खोली." डोकंच फिरलं. आई पडदा परत नीट लावत होती.

चार्जर आणायच्या नावाखाली वहिनीकडून त्यांच्या खोलीची चावी उपटली, आईला बाल्कनीत बसवलं, आतून कडी. चुकलं का माझं? अजिबात नाही.

दादा दार बडवतोय. "अरे, आम्ही जायचं कुठं?"

"खाली जा. तिथं छान पडदा आहे."