तुह्या पाटावरची छत्री

माय, तुले जाऊन इतके वर्सं झाले का आता मीच तुह्यापेक्षा म्हातारी झाली. तू गेली तवा तुहे केस काये होते, माहे पांढरे फक्क झाले. आता भेटलो तं तूच मले वाकून पाया पडशीन, अन मी बी पडू देईन.

माह्या घरधन्याले जाऊनही लय वर्सं झाले. तेल्हाऱ्याच्या घरी मी एकटीच राह्यते. कापसात काई उरलं नाई म्हनून पोरानं वावर मक्त्यानं देलं अन अमरावतीले शिकवनीच्या क्लासात नोकरी धरली. गल्लीतले अर्धे घरं असेच कुलपात हायेत. उन्हायात मी दोनदा गॅसवर दूध ठेवून विसरली. दुसऱ्या खेपेले भगोनं कायं ठिक्कर पडलं, शेजारच्या चाचीनं भिंतीवरून हाका मारल्या, "बाई, घर जला रहे क्या?" तिनंच पोराले फोन केला. तो आला अन म्हने, "माय, चाल आता अमरावतीले. घराले कुलूप लावू." मी म्हनलं, "तुह्या दोन खोल्यात मले काय खुंटीले टांगतं?" हसला, पन ऐकलं नाई. शेवटी असं ठरलं का मोबाइलवर म्हाताऱ्यायसाठी याददाश्तीचा क्लास असते तो मी करायचा, अन महिन्याच्या परीक्षेत दहातले आठ तरी आले तं मी इथंच. नाईतं कुलूप.

शिकवनारी पोरगी पुन्याकडची, लय गोड बोलते. "आजी, आज वार कोणता?" मी म्हनते, "आमच्याकडं बुधवार हाय, तुमच्याकडं कोनता?" मूर्तिजापूरच्या एका आजोबाचं पडद्यावर नुसतं कपायच दिसते. त्याईले म्हनते, "भाऊ, नाक कुठं ठेवून आले?" असं चालते आमचं. मंग एका दिवशी तिनं सांगतलं, "डोळे मिटा. तुम्हाला अगदी पाठ असलेलं एखादं घर आठवा. दारातून आत या आणि मी सांगते ती एकेक वस्तू एकेका जागी ठेवा. आठवायची वेळ आली की त्याच घरातून पुन्हा चक्कर मारायची." मी हे घर नाई घेतलं. इथं तं चष्मा बी रोज जागा बदलते. मी तुहं सैपाकघर घेतलं.

तिथं मी डोये बांधूनही फिरीन. उंबरठा, रांजन, जातं, उतरंड, कोनाडा, खुंटी, खिडकी, शिकं, चूल, अन चुलीजवय पाटावर तू. मी चौथीत हाय. मास्तराची नक्कल करून दाखवते, नाकातून पाढे म्हनते. तू फुंकनी उगारून म्हनतं, "कार्टे, गुरूची नक्कल करतं? जीभ झडन तुही!" अन लगेच तोंड भिंतीकडं फिरवतं. तुही पाठ हालून राहिली. हसून राहिली होती तू. मी तुले हसताना तेवढंच पाह्यलं, तेई पाठमोरं.

तिथं मी उंबरठ्यावर उंट बसवला, रांजनात घड्याय टाकलं, जात्यावर केयं, शिक्यात बॅटरी. पह्यल्या खेपेले नऊ आले. मजा वाटली. पन माय, त्या वस्तू तिथून निंगत नाई. बाई म्हनते, जुन्या पुसून टाका, नव्या ठेवा. माह्यानं पुसल्या जात नाई. दूध मी अजूनबी विसरते, चाची हाक मारते, ते परीक्षेत कोनी इचारत नाई. पन उंट काई उठत नाई. शिक्यात तू दुधाचं गाडगं ठेवत होती का ताकाचं, हे आता मले सांगता येत नाई.

मागच्या परीक्षेले साऱ्या जागा भरल्या अन बाईनं दहावी वस्तू सांगतली, छत्री. मी तुले म्हनलं, माय, जराशी उठतं काय? तू उठली. मी पाटावर छत्री ठेवली. तवापासून रोज दुपारी डोये मिटून जाऊन पाह्यते. चूल पेटली असते, पाटावर छत्री असते, तू कुठंच नसतं. तुही पाठ हालत होती हे मले मालूम हाय, दिसत नाई. आता पुढच्या महिन्यापासून पंधरा वस्तू हायेत.

हा कागद मी धाडनार नाई. धाडू कुठं? तुहा पत्ता तं ते सैपाकघरच होता. अन तिथं येऊन तुह्यासमोर हे बोलाची माही हिंमत नाई. आठच पाह्यजे होते, माय. नऊ तं झालेच होते. छत्री सोडून देली असती तरी मी याच घरात राह्यली असती. पन मले त्या पोरीच्या तोंडून "शाब्बास" ऐकाचं होतं.