चुलीखालचा पारा

आबा,

पत्राच्या माथ्यावर 'तीर्थरूप' लिहायचं असतं, ते मी लिहिलेलं नाही. चुकून राहिलं असं समजू नका.

आज तुमची चूल खणली, म्हणून लिहितेय. तुम्हाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या चुलीचा दगडसुद्धा हलवायचा नाही असं वाडीतल्या मोठ्यांनी बजावलं होतं. तरी खणली. तालुक्याहून आरोग्य खात्याची माणसं आली होती, तोंडावर जाड मास्क, हातात मोजे. चुलीभोवतीची जमीन ढोपरभर खोल उकरून त्यांनी माती पिशव्यांत भरली आणि पिशव्यांची तोंडं चिकटपट्टीनं बंद केली. मातीत बारीक बारीक मणी चमकत होते. तुमचंच ते कर्तृत्व, आबा. सगळ्या वाडीनं लांब उभं राहून बघितलं.

तुमच्यासमोर मी कधी मान वर करून बोलले नाही. बारावी शिकलेली, तुडीलसारख्या नदीकाठच्या गावातून आलेली मुलगी मी, पण तुम्ही ओटीवर बसलात की मागच्या दारानं जायचे. सुनेनं असंच वागायचं असतं ना? आज ऐकून घ्या. आता तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही.

तुमची नात तन्वी. दुसरीतली पोर, शाळा सुटली की शेळ्यांमागे डोंगर पालथा घालणारी. गेल्या पावसाळ्यात तिचे तळहात लाल झाले, मग तळपाय. कातडी सोलून निघायला लागली. रात्ररात्र झोप नाही, घामानं अंगावरचा झगा भिजलेला, पाय दुखतात म्हणून रड रड रडायची. उन्हात जा म्हटलं की डोळे मिटून घ्यायची. हिरड्या सुजल्या. पेन्सिल धरली की हात थरथरायचा, आणि बाई म्हणायच्या, अक्षर बिघडलं.

तुम्ही काय म्हणालात आठवतं? "गोवर अंगात जिरलाय. आईबापास पोर सांभाळता येत नाय." आईंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. तुम्ही लिंबू उतरवलंत. आणि तेव्हा तुमच्या स्वतःच्या हातातला चहा बशीत सांडत होता, तोंडाला सारखी लाळ सुटत होती, आणि एरवी मोजकं बोलणारे तुम्ही भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट भिरकावत होतात. आम्ही म्हटलं, म्हातारपण. मग अंगाला सूज आली, लघवी अडली, आणि तुम्ही गेलात. तेही म्हातारपणावरच ढकललं. खरं काय होतं ते आता कोण तपासणार?

तुमच्या दिवसकार्यानंतर मी तन्वीला घेऊन मुंबईला गेले. ह्यांच्या कंपनीतल्या कुणीतरी मोठं हॉस्पिटल सुचवलं होतं. एवढ्याशा पोरीचं ब्लडप्रेशर बघून डॉक्टरीणबाईंनी ते परत मोजलं. मग मला प्रश्न सुरू केले. घरात थर्मामीटर फुटला का? गोरं व्हायचं क्रीम लावता का? कुठली भस्मं, कुठलं गावठी औषध? मी सगळ्याला नाही म्हणत होते. बाजूला बसलेली तन्वी म्हणाली, "आबा चांदीचं पाणी शिजवायचे. मी त्यात लिंबू पिळायचे."

त्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

मग मला सांगावं लागलं. तुमच्या कंपनीत दाब मोजायच्या काचेच्या नळ्या असायच्या, त्या दुरुस्त करायचं तुमचं काम. नळ्या भंगारात निघाल्या तेव्हा त्यातला पारा तुम्ही खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून घरी आणलात. डोंगरातल्या घळीच्या वाटेवर भेटलेल्या कुण्या गोसाव्यानं तुम्हाला पारा बांधायची विद्या दिली होती म्हणे. आधी खलात लिंबू, हळद, मीठ घालून पारा घोटायचा, म्हणजे तो शुद्ध होतो. मग लोखंडी कढईत मोरचूद घालून चुलीवर चढवायचा. लोण्यासारखा घट्ट झाला की फडक्यातून पिळायचा आणि गोळ्या वळायच्या. त्या गोळ्या भाताच्या कणगीत टाकल्या की टोके, म्हणजे धान्यातले किडे, पडत नाहीत. वाडीतल्या प्रत्येक घरात तुमची गोळी गेली. एक पैसा घेतला नाहीत. केवढा मान मिळाला तुम्हाला! कंपनीत आयुष्यभर हेल्पर होतात, आणि रिटायर झाल्यावर इथं वैद्य झालात.

आणि नियम काय, तर परक्याची नजर पडली की पारा बांधला जात नाही. म्हणून भर पावसात दारं लावलेली, खिडकीला गोणपाट. दुसरा नियम, लिंबू पिळायला आणि पाणी सोडायला कुमारिकेचा हात हवा. घरात कुमारिका एकच होती.

"आबांची लाडकी गो ती," आई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या. "दुसऱ्या कुणास जवळ बसू देत नायत."

डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. पारा गिळला तर तो बराचसा तसाच बाहेर पडतो. त्याची वाफ वाईट. ती दिसत नाही, तिला वास नाही. श्वासातून आत जाते, रक्तात मिसळते, मेंदूत जाते, मूत्रपिंडात जाऊन बसते. लहान मुलांना तर फारच लवकर बाधते. आणि पारा चुलीवर तापवणं म्हणजे बंद खोलीत ती वाफ कोंडून पोराला तिच्यात बसवणं. जो खाली सांडला तो मातीत मुरतो, वरून कितीही शेणानं सारवा, चूल पेटली की पुन्हा वर येतो. मग त्यांनी तिचं रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. जे यायचं तेच आलं.

कॅप्सूल सुरू झाल्या. कुजक्या अंड्यासारखा वास यायचा त्यांना. तन्वी नाक दाबून गिळायची आणि मला विचारायची, "आबांना ह्या का नाय दिल्या?"

तोपर्यंत मी तुमच्यावर एवढी चिडलेली नव्हते. खरं सांगते. वाटायचं, माणूस अडाणीपणानं फसला, स्वतःही गेला. मग बिरवाडीला दगडूकाकांकडे गेले. तुम्ही आणि ते कंपनीत एकाच पाळीला, एकाच खोलीत भाड्यानं राहिलात. डॉक्टरांना हवं होतं, तुम्ही नक्की काय हाताळायचात ते. काकांनी चहा केला आणि सहज बोलावं तसं सांगितलं.

"अगं, आम्हास तर कामावर लागल्या लागल्या सांगितलेलं, हे विष हाय म्हणून. दर थोड्या महिन्यांनी लघवीची बाटली द्यायला लागायची. तुझ्या सासऱ्याची एकदा खराब आली, तर त्यास तिथून उचलून गेटावर बसवलेला. कपडे कंपनीतच ठेवायचे, आंघोळ करूनच बाहेर पडायचं. नव्या पोरांना तर तोच दम भरायचा. उघड्या हातानं शिवलात तर याद राखा, म्हणायचा."

चहा तसाच ठेवून मी उठले.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. दुसऱ्यांच्या पोरांना दम भरण्याइतकं माहीत होतं. आणि स्वतःच्या नातीला चुलीपाशी मांडी घालून बसवलंत.

तुम्ही काय म्हणणार तेही मला ठाऊक आहे. कंपनीतला तो कच्चा पारा, हा शुद्ध केलेला. तो साहेबांचा, हा देवाचा. आबा, लिंबाच्या रसानं कढईची काजळी निघते, पाऱ्याचं विष निघत नाही. गोसाव्याचं एक दिवसाचं बोलणं तुम्हाला खरं वाटलं आणि स्वतःच्या लघवीची बाटली खोटी? की वाडीनं दिलेला मान सोडवत नव्हता? बहुतेक तेच. दारं लावून बसलात तेव्हा नजर कुणाची चुकवत होतात, परक्याची की माझी?

डॉक्टरांनी बजावलं होतं, ती जमीन निघाल्याशिवाय पोरीला त्या घरात न्यायचं नाही. म्हणून मी तिला घेऊन बिरवाडीला खोलीत राहते. आणि वाडी मला काय म्हणते, माहीत आहे? सासरा मेला आणि सून घर फोडून गेली. तुमचा लेक मुंबईहून फोनवर सांगतो, "वर्ष होऊ दे, मग बघू." वर्ष होईपर्यंत आईंनी त्याच चुलीवर रांधायचं, त्याच जमिनीवर झोपायचं, आणि तन्वीनं रोज विचारायचं की घरी कधी जायचं?

आज खात्याची माणसं आली तर आई चुलीपुढे बसून राहिल्या. "माझ्या धन्याचा जीव हितं गेलाय. वर्षाच्या आत हात लावाल तर मला आधी उचला." वाडी त्यांच्या मागे उभी. ती माणसं बिचारी परत निघाली होती.

दगडूकाकांचं ते बोलणं मी आईंना सांगणार नव्हते. तुमच्याबद्दल त्यांच्या मनात जे आहे ते राहू द्यावं, म्हातारीनं सुखानं दिवस काढावेत, असं ठरवलं होतं. पण तुमची अब्रू आणि माझी पोर यात मला निवडायला लावलंत तुम्ही, मेल्यावरसुद्धा. मी सगळ्यांसमोर बोलले. दगडूकाका जे म्हणाले ते शब्दाशब्दानं सांगितलं.

"खोटं बोलतेस," आई म्हणाल्या. "आता म्हणशील, त्यांनी जाणूनबुजून केलं."

"विष आहे हे त्यांना माहीत होतं, आई. एवढंच म्हणतेय मी."

मग त्यांनी मला विचारलं, "पोरीस हात थरथरतो का अजून?" मी म्हटलं, लिहिताना थरथरतो. त्या भिंतीला धरून उठल्या, देव्हाऱ्यातले देव परातीत घेतले आणि बाहेर येताना त्या माणसांना म्हणाल्या, "खणा. कणगीतलंबी काढा. सगळं न्या."

वाडीतल्या बायका मग एकेक करून घरी गेल्या. तुमच्या गोळ्या चिमट्यानं उचलून बरणीत आणून दिल्या. काहींनी नाही दिल्या. त्यांच्या दारात मी परत जाणार आहे, शिव्या दिल्या तरी जाणार आहे.

वर्षश्राद्धाला तुमचं पान वाढलं जाईल, काळजी नको. आवडीची वालाची आमटी मीच करीन, पण बिरवाडीच्या खोलीत, गॅसवर. तेवढं मी आईंसाठी करते.

तन्वीला तुमची आठवण येते, आबा. तुम्ही तिला खांद्यावर घेऊन करवंदं काढायचात, ते ती हॉस्पिटलात नर्सबाईंना सांगत होती. त्या आठवणीला मी हात लावणार नाही, हा शब्द देते. आणि दुसराही देते. ती मोठी होईल, आपल्या थरथरत्या हाताकडे बघेल आणि एक दिवस मला विचारेल, आई, आबांना माहीत होतं का?

मी हो म्हणेन.

तुमची सून,
सुनंदा