दहा मिनिटांचा वशिला

पेण, शनिवार

चि. सौ. इरावतीस मामाचे अनेक आशीर्वाद. सायकलींच्या आणि थंड पावाच्या त्या देशात तुम्हा तिघांच्या प्रकृती ठीक असाव्यात. इकडे मी जिवंत आहे. रोह्याला तुझ्या माहेरी जाऊन आलेल्या माणसाने याहून अधिक दावा करू नये.

तुझं मागणं केवढंसं होतं! तुझी शर्वाणी नव्याने आलेल्या मुलांच्या भाषावर्गात वर्षभर मुकी बसली आहे. तिला नेहमीच्या शाळेत धाडायचं की आणखी वर्षभर तिथेच ठेवायचं ते वर्गाच्या बाई ठरवणार. त्यांनी तुम्हा तिघांना शाळेत शेजारी बसवून आजोळच्या माणसांसाठी व्हिडिओवर दहा मिनिटं दिली आहेत. तेव्हा मी ताईशेजारी बसून, शिक्षक या नात्याने, पोर घरी घडाघडा बोलते एवढं इंग्रजीत सांगावं. (माझं इंग्रजी संस्कृतच्या वळणाचं, क्रियापद शेवटी येतं. तरी निभलं असतं.)

पण ही बातमी ताईने तुझ्या काळुरामकाकांना सांगितली. अर्ध्या रोह्याचे कॉलेजप्रवेश ज्यांनी 'करून दिले', ते गप्प बसतील? मी पोचलो तर ओटीवर सगळी भावकी, काका सफारीत, आणि आमच्या पेणच्या मोरूच्या मूर्तींच्या कारखान्यातून माझ्याच हातून मागवलेला गणपती टेबलावर. "बाईंना दाखवायचा. मोकळ्या हाताने कसं बोलायचं?" ताईने पापडांची चळत कॅमेऱ्यासमोर धरली, म्हणून पहिली दोन मिनिटं तुम्हाला फक्त पापड दिसले. मग काका म्हणाले, "म्याडम, पोरगी आपलीच हाय. तुमी फक्त जरा बघा." मी इंग्रजी केलं. बाई गोंधळून म्हणाल्या, मी तर तिला रोजच बघते. काका माझ्या कानात, "मास्तर, नरम पडली हाय, सोडू नका." त्यानंतर ठमाकाकू शर्वाणीचं बारसं सांगू लागल्या, दोन चुलत्यांत तिच्या जन्मवाराबद्दल जुंपली, आणि माझं ते एक वाक्य घशातच राहिलं.

तेवढ्यात वर्गात वर्षभर न बोललेली आपली शर्वाणी बाईंकडे वळून डचमध्ये बोलू लागली, ती थांबेचना. ती काय म्हणाली ते तूच नंतर मराठीत कळवलंस: "आमच्याकडे असंच असतं. मध्ये जागा मिळाली की बोलायचं. तुमच्या वर्गात सगळे थांबतात, मग सगळे माझ्याकडेच बघतात." बाई हसल्या, आणि सोमवारपासून नेहमीची शाळा.

आनंद आहे. फक्त तो मला एकट्याने, दार लावून करावा लागतो, कारण काका रोहाभर सांगत सुटले आहेत की हॉलंडात त्यांचा शब्द चालतो.

तुझा,
मामा

ता. क. काकांनी भावकीतल्या कान्हूचं तिकडच्या इंजिनियरिंगच्या प्रवेशाचं काम 'झाल्यातच जमा' म्हणून सांगितलंय. त्याचा फोन आला तर उचलू नकोस.

ता. क. दुसरा. बोलता बोलता शर्वाणीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि बाई सर्वांत जास्त तेव्हाच हसल्या. तिघांना तीनदा विचारलं, तिघेही "काही नाही मामा" म्हणता. तेव्हा मोठ्या माणसांसाठी तिथे संध्याकाळचा भाषावर्ग असतो ना, तो घरबसल्या, पन्नाशी उलटलेल्याला देतात का, एवढं विचार. रोह्याला मात्र कळू देऊ नकोस. काका माझ्या प्रवेशासाठी शब्द टाकतील.