पंपाच्या खोलीतला दोरा

घरमालक काकांना,

चार दिवस मी तुमच्यावर पाळत ठेवून आहे, हे आधीच सांगते.

जिन्यातली पाटी मला पाठ आहे: प्राणी पाळणाऱ्याने खोली सोडावी. म्हणून स्कूटरखाली आलेली ती मांजर मी वर नेली नाही; पंपाच्या खोलीत, चिंध्यांच्या खोक्यात ठेवली. पायाला औषध लावलं, पट्टी बांधली आणि दाराला आडवा बारीक दोरा लावला. रोज दुपारी तो तुटलेला. तिथे तुमच्याशिवाय कोण जातं? म्हटलं, पुरावा गोळा करताय. काल जिन्यात तुम्ही हसून “बरी आहेस ना गं?” विचारलंत, तेव्हा तर खात्रीच पटली. तुम्ही हसता कधी?

खाली जाऊन पाहिलं, तर पट्टी बदललेली. निळ्या रेघांचं कापड. तुमचा तो शर्ट मीच शिवलाय, मी ओळखणार नाही?

आज तोच शर्ट माझ्या दुकानात घेऊन आलात. “उंदरांनी खालून कुरतडला गं. बघ काही होतं का.”

काका, उंदीर इतकं सरळ कापत नाहीत. पण मी म्हटलं, “हो, फार झालेत हल्ली.”

हे पत्र शर्टाच्या खिशात घालणार होते. पण मग तुम्हाला एक तर कबूल करावं लागेल, नाहीतर मला खोलीतून काढावं लागेल. म्हणून लिहून झालं की फाडून टाकणार. शर्ट आखूड करून ठेवलाय. उरलेलं कापड घडी करून खिशात घातलंय. परवा पट्टी बदलायची आहे.

तुमच्यावर अजून पुरता विश्वास नसलेली,
वरच्या मजल्यावरची शिंपीण