दुकान माझं, ॲडमिनिस्ट्रेटर दादा

आदरणीय दिलीपदादांस,

पांढुर्ण्याहून देवीदासचा जयभीम. वहिनींचा गुडघा कसा आहे? सौंसरला म्हणे फार ऊन पडून राहिलं. दुपारी मोटारसायकल काढू नका. (तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे कागदावर विचारतो. पोस्टमनवर तुमचा राग नसावा.)

दादा, एक अचंबा सांगायचा आहे. आपल्या छापखान्यातला जुना प्रिंटर बसला. नवा आणला, जोडला, त्याचा प्रोग्राम सुरू करायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणतो, तुम्हाला अधिकार नाही. मला! भिंतीवर जाहिराती रंगवता रंगवता हे दुकान उभं केलं, खुर्ची माझी, टेबल माझं, विजेचं मीटर माझ्या नावाचं, आणि अधिकार नाही? शेजारच्या मोबाइल दुकानातल्या अतुलला बोलावलं. त्यानं पडद्यावरच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबलं, तसा एक मेनू उघडला. त्यात बारकी ढाल आणि पुढं 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. ते दाबताच, काय सांगू, अख्खा पडदा काळवंडला! सगळं कसं मागं सरून चिडीचूप. मोहगावच्या घरी अंगणात तुमची चप्पल वाजली की आम्ही पत्ते लपवून बसायचो ना, तसं. आणि मधोमध एकच चौकट. तीत तुमचं नाव, खाली पासवर्डची रिकामी जागा.

"भाऊ," अतुल म्हणाला, "मशीनसाठी मालक हेच हायेत. तुमी साधे वापरणारे."

"अरे, पण दुकान माझं हाय ना!"

"थे ह्या मशीनले काय मालूम?"

मग आठवलं. उद्घाटनाला थोरल्याचा हात पहिला लागला पाहिजे म्हणून मीच तुम्हाला खुर्चीत बसवलं, तुमचंच नाव पहिलं टाकायला लावलं, माझं त्यानंतर. जो पहिला, तोच ॲडमिनिस्ट्रेटर. (आम्ही फक्त हार घातला होता, यंत्रानं राज्यच देऊन टाकलं.) मी हात जोडले. कुठल्या देशात बसून ज्यांनी हे बनवलं, त्यांना आपल्या घरची रीत इतकी कशी कळली? आणि मी, सख्खा भाऊ, आपल्या लेकीच्या, रूपालीच्या लग्नपत्रिकेच्या नमुन्यात तुमचं नाव माझ्या खाली टाकून बसलो! (घाईत झालं. वत्सला म्हणते, "घाईतबी सोताचंच नाव वर जाते तुमचं.")

आता पत्रिका अडकल्या. तिगावचे व्याही रोज विचारून राहिले. नमुना सुधारला आहे, निमंत्रकांत तुम्ही पहिले. पण तुमच्या पासवर्डशिवाय पत्रिका निघायची नाही. नवरीच्या मोठ्या बाबांना विचारल्याशिवाय निघूही नये, हे त्या यंत्राचं मला पटलं.

तुमचा,
देवीदास

ता. क. पासवर्ड चिठ्ठीत लिहू नका, कोणाजवळ सांगून पाठवू नका. अशा गोष्टी स्वतः येऊन टाकायच्या असतात. वहिनींना घेऊन या. रूपाली दारातल्या प्रत्येक गाडीकडं पाहून राहिली.

आणखी एक ता. क. वत्सला खांद्यावरून वाचते आहे, म्हणून खरं लिहितो. उद्घाटनाला पासवर्ड टाकताना तुम्ही एकेक अक्षर ओठांत पुटपुटलात, आणि माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. नवा प्रिंटर केव्हाचा चालू झाला. जामसांवलीच्या देवळातल्या भंडाऱ्याची पत्रकं त्याच्यावरच छापून गेली. पत्रिका तेवढ्या छापल्या नाहीत.